हेडफोन बदलण्याआधी गाद्या बदला

खर्जप्रेमी
"हेडफोनचा आवाज बसला, आता नवा घेतो" असं कुणी म्हणालं की मी आधी कानाच्या गाद्या दाबून बघायला सांगतो. माझा सेनहायझर एचडी ६५० रोजच्या वापरातला, ७ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात तानपुऱ्याची जवारी पुसट झाली आणि डग्गा अंगावर यायला लागला. गाद्या काढून टेबलावर ठेवल्या तर भाकरीसारख्या चपट्या! गादी दबली की ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, कानाजवळ येतो आणि सगळा तोल जातो. नव्या घातल्या, त्याच संध्याकाळी जवारी परत आली. माझं ठाम मत आहे, पहिला खर्च गाद्यांवर. महागड्या केबलवर तर नकोच.

मोजूनमापून
गाद्यांचं पटलं, पण मूळच्याच घाला. दुसऱ्या प्रकारच्या घातल्या तर तो वेगळाच हेडफोन होतो. आणि आवाज आपल्या कानाला जुळवायला काही जण हेडफोन उघडून आत चिकटपट्टी लावतात, ती कशाला? विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ हे आवाजाचे वेगवेगळे पट्टे चढवणारं-उतरवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ३ किलोहर्ट्झच्या आसपास १-२ डेसिबल उतरवून बघा, नाही आवडलं तर लगेच पूर्ववत. एखादा पट्टा चढवलात तर त्यातला प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळी, तेवढाच खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो.

सोल्डरवाला
साफ असहमत. फॉस्टेक्स टी५०आरपी या हेडफोनचंच उदाहरण घ्या. कपमध्ये प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) थापून, कापूस भरून, हवेची छिद्रं टेपने बुजवत लोकांनी त्याचा आवाज कुठल्या कुठे नेलाय. मी स्वतः चार रविवार घातले. टेप जराशी सरकवली तरी खर्ज बदलतो. पोकळीत घुमणारा आवाज सॉफ्टवेअर कसं थांबवणार?

मोजूनमापून
टेप लावून कप पुन्हा बंद करेपर्यंत आधीचा आवाज कानात राहतो का? माझ्या तरी राहत नाही. आणि डावा-उजवा सारखे राहिले हे कशावरून?

सोल्डरवाला
मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं, रेकॉर्डिंग लावतो. गायक कपाळाच्या बरोब्बर मध्ये बसला नाही तर पुन्हा उघडतो.

खर्जप्रेमी
नवख्यांना एक कळकळीची विनंती: ड्रायव्हरपुढचा पातळ फोम काढू नका. वरचे स्वर उजळावेत म्हणून माझ्या मित्राने काढला. एक केस आत जाऊन ड्रायव्हरच्या पडद्याला टेकला आणि तबल्याच्या थापेथापेला भर्रर्र! शिवाय ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा, हेडफोन नुसत्या फोनवर ऐकून "दम नाही" असा निकाल देऊ नका, आधी ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) लावा.

मोजूनमापून
खर्जप्रेमी, जुन्या गाद्या अजून असतील तर एका कानाला जुनी, दुसऱ्याला नवी घाला आणि तानपुरा मोनोमध्ये लावा. फरक एकाच वेळी ऐकून इथे लिहा.