शब्दचर्चा: 'व्हल्वोडिनिया'ला मराठीत काय म्हणावं?

माझ्या मावशीला गेलं वर्षभर हा त्रास आहे. बसलं की आग, आतले कपडे घासले की टोचणी. डॉक्टरांसमोर तिच्या तोंडून एवढंच निघालं, "खाली दुखतं." त्यांनी लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या. त्यांचं तरी काय चुकलं? 'खाली'मध्ये ओटीपोटापासून गुदद्वारापर्यंत सगळंच येतं. बाईच्या बाह्य जननेंद्रियात, म्हणजे 'भगा'त, किमान ३ महिने दुखतंय आणि तपासण्यांत स्पष्ट कारण सापडत नाही, तर ते व्हल्वोडिनिया. 'ओडिने' म्हणजे ग्रीकमध्ये वेदना. मराठीत 'भगदाह' कसा वाटतो?

प्रतिसाद: दाह नको, ताई. आग होते म्हणून तो शब्द जवळचा वाटतो, पण वैद्यकीय मराठीत यकृतदाह, संधिदाह म्हटलं की सूज-लाली आलीच. इथे ती असेलच असं नाही. इंग्रजीतही हेच झालं होतं. योनिमुखाशी होणाऱ्या या दुखण्याला 'व्हेस्टिब्युलायटिस' म्हणत. त्यातला 'आयटिस' म्हणजे दाह, तो २००३ मध्ये काढून 'व्हेस्टिब्युलोडिनिया' केलं. दाह म्हटलं की मलमं आणि बुरशीची औषधं सुरू होतात, आणि बाई वर्षानुवर्षं तीच लावत बसते.

प्रतिसाद: 'योनिशूल'? आयुर्वेदात २० योनिव्यापद, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाचे विकार, सांगितलेत, त्या वळणाचा शब्द होईल.

धागाकर्ती: योनी म्हणजे आतला मार्ग, दुखतंय बाहेर. शूल म्हणजे भोसकल्यासारखी कळ, तीही जुळत नाही. लेखी वापराला मी 'भगवेदना' घेते. 'भग' उच्चारायला लाज वाटते, हे खरं. पण भगंदराच्या जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात आणि त्या आपण मोठ्याने वाचतो. त्यातही हाच भग आहे.

दवाखान्यात मात्र नाव कळलं नाही तरी चालेल, जागा नेमकी सांगता यायला हवी: "योनीच्या तोंडाशी, बाहेरून, नुसता हात लागला तरी." एवढं सांगितलं की डॉक्टर कापसाची काडी हलकेच टेकवत कुठे दुखतं ते शोधतात. काहींना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीने उतार पडतो. "रिपोर्ट चांगले आहेत, मनाचे खेळ आहेत" असं मावशीला दोनदा ऐकवलं गेलं. वेदना खरीच असते.

काल तिला विचारलं, नक्की कसं होतं गं? ती म्हणाली, "मिरच्या चिरल्यावर हात भगभगतात ना, तसं." पुढच्या वेळी डॉक्टरांना हेच सांगायचं ठरलंय, मी सोबत जाणार आहे.