प्लस नंबर आणि लेसर : भावाचा अनुभव

प्लस नंबर (जवळचं बघायला जास्त त्रास होतो तो) लेसरने कायमचा जातो का, असं बरेच जण विचारतात. मायनसवाल्यांचे (ज्यांना दूरचं धूसर दिसतं त्यांचे) अनुभव ऐकून ठरवू नका, हे कळकळीने सांगतो. मायनसमध्ये पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) मधला भाग सपाट करतात. प्लसमध्ये मधल्या भागाभोवती कडं कोरून मध्याला उठाव देतात. ते कोरलेलं पुढे वरच्या पेशींनी थोडं भरत येतं, म्हणून नंबर अंशतः परतण्याचं प्रमाण इथे जास्त.

माझ्या भावाची जळगाव जिल्ह्यात रावेरकडे केळी आहे. पहिल्या तपासणीत डोळ्याचा जोर सैल करणारे थेंब न टाकताच +२.५ काढला, दुसरीकडे थेंब टाकल्यावर +३.५ निघाला! डोळा जोर लावून प्लस लपवतो, त्यामुळे थेंबांशिवाय ऑपरेशनला होकार देऊच नका. ऑपरेशननंतर दोन आठवडे त्याला मोबाइल स्वच्छ, पण समोरून येणाऱ्या एसटीची पाटी धूसर. तिसऱ्या महिन्यात ती वाचता आली. दोन वर्षांनी +०.७५ परत आलाय, तरी तो खूश आहे.

सिलिंडर (पारपटलाच्या असमान गोलाईचा, ठरावीक दिशेतला नंबर) असेल तर अक्ष, म्हणजे त्याची दिशा, महत्त्वाचा. तो ३० अंशांनी चुकला तर सिलिंडर तेवढाच राहतो. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो, तो फरक कसा धरतात ते डॉक्टरांना विचाराच.

आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत पारा, वर धूळ. ऑपरेशननंतर डोळे काही महिने कोरडे पडतात, तेव्हा शक्यतो दिवाळीनंतर करा.