विषय: डिमेन्शिया – घरच्या माणसांसाठी गट

नमस्कार मंडळी,

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. सासूबाईंना गेल्या वर्षी मेमरी क्लिनिकमध्ये अल्झायमरचं निदान झालं. चाळीस वर्षं इथे लंडनला काढली, पोस्टात नोकरी केली, पण आता इंग्रजी जवळजवळ पुसलं गेलंय. चार वाजले की पिशवीत दोन पातळं, फणी आणि कुंकवाची डबी भरून दाराशी बसतात. "मिरजेची गाडी चुकेल" म्हणतात. "आई, हेच आपलं घर" असं जितकं समजवावं तितक्या चिडतात. परवा हात उचलला. मी ओरडले, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, सपोर्ट ग्रुपचं पत्रक दिलंय. पण परक्या लोकांत घरचं कसं सांगायचं? कुणी गेलंय का?

– वैशाली, हॅरो

*

वैशाली,

लिहिलंस ते फार बरं केलंस. आम्ही दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. गणपतीला मी एकटीच यायचे आणि "यांना जरा बरं नाही" म्हणायचे.

गटात नक्की जा. पहिल्या दिवशी मी तासभर तोंड उघडलं नाही. शेजारची आयरिश बाई सांगत होती, तिचा नवरा आरशातल्या माणसाला "निघ माझ्या घरातून" म्हणून दटावतो, म्हणून तिने बाथरूमचा आरसा चादरीने झाकला. आमच्या घरी नेमकं हेच चाललं होतं! घरी येऊन आधी आरसा उतरवला. सहा महिने रोजची भांडणं त्या एका आरशापायी.

मिरजेच्या गाडीवरून वाद घालू नकोस. दिवस कलला की या आजारात पुष्कळांची अशी घालमेल होते. तीन वाजताच दिवे लाव, पडदे ओढ, चहा दे. न्यायला कोण येणार, ते विचार. मेथी निवडायला दे, वाती वळायला दे. मात्र हे एकदम दोन-चार दिवसांत वाढलं, तर लघवी तपासून घे. नुसत्या संसर्गानेही म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी वागतात, आणि ते औषधाने बरं होतं.

कागदपत्रांचंही मला गटातच कळलं. अटेंडन्स अलावन्स म्हणजे म्हाताऱ्या आजारी माणसाच्या देखभालीसाठीचा सरकारी भत्ता, त्याला उत्पन्न किंवा बचत बघत नाहीत. तो मिळाला की डॉक्टरांच्या दाखल्यावर कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरपट्टीत, सूट मिळू शकते. आणि केअरर्स असेसमेंट माग, म्हणजे सांभाळणाऱ्याला काय मदत हवी ते कौन्सिल बघते. 2014 च्या केअर ॲक्टने तो तुझा हक्क आहे, तुझा स्वतःचा, आईंचा नव्हे. त्या पिशवी घेऊन दाराशी बसतात, म्हणून पोलिसांचा हर्बर्ट प्रोटोकॉलचा फॉर्म (माणूस हरवला तर शोधायला लागणारी माहिती) आजच भरून ठेव, अलीकडच्या फोटोसकट. रात्री नाही, पण दिवसा फार वाटलं तर ॲडमिरल नर्सशी (डिमेन्शियाच्या खास नर्स) बोल: 0800 888 6678, फुकट आहे.

– सुमनमावशी

*

सुमनताई, वैशाली,

माझी आई गेली तेव्हा असा गट ठाऊक नव्हता. महिन्यातल्या पहिल्या रविवारी मराठी शाळेच्या वेळात हॉलची मागची खोली मोकळी असते. तिथे आपण मराठीतून बसू. पुढच्या खोलीत आजारी मंडळींसोबत मी पेटी घेऊन बसतो, काकड आरतीचे अभंग म्हणू. ज्यांना इंग्रजी उरलेलं नाही, त्यांनाही ते येतात, हे मी आईच्या बाबतीत पाहिलंय. म्हणजे घरच्यांना दोन तास मोकळे मिळतील. आणखी दोन जण सोबतीला हवेत.

– विनायककाका

*

सगळ्यांना,

काल विचारलं, "आई, न्यायला कोण येणार?" म्हणाल्या, "अण्णा. सायकल घेऊन." मग अर्धा तास अण्णांची सायकल, तिचा कंदील, कृष्णेवरचा पूल. पिशवी दाराशीच राहिली, चहा गार झाला.

फॉर्म भरला. नेहमी कुठे जातात, पूर्वी कुठे राहत होत्या, असं विचारलंय. मी मंदिर, जुनं पोस्ट आणि मिरज लिहिलं.

मंगळवारी इथल्या गटाला जातेय. रविवारी आईंना घेऊन येते. मेथीच्या जुड्या मी आणते.

– वैशाली