एका वेळी दोन एम्ब्रियो ठेवायचा आग्रह धरू नका

मृद्गंध
धाकट्या जावेचं आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, चालू आहेत. पाचव्या दिवसाचे चार चांगले एम्ब्रियो (शरीराबाहेर तयार केलेले गर्भ) तयार झालेत. घरात दोन सूर आहेत. एक म्हणतो, "टेस्ट ट्यूबच्या मुलांच्या मेंदूत पुढे काहीतरी निघतं म्हणे." दुसरा म्हणतो, "दोन ठेवा, जुळी झाली की एकदमच सुटलो." माझ्या मते पहिली भीती बरीचशी चुकीच्या जागी आहे आणि खरा धोका दुसऱ्या हौसेत आहे.

माझी जुळी आयव्हीएफचीच. तिसाव्या आठवड्यात झाली. मुलगा १३०० ग्रॅम, लेक ११५०. ४१ दिवस काचेत होती. मुलाने सहाव्या महिन्यात मान धरली, लेकीने नाही. लंगोट बांधायला घेतला की तिच्या पायांची कात्री व्हायची. मांड्या इतक्या घट्ट की एकीने पाय सोडवून धरायचे आणि दुसरीने गाठ मारायची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं. आज ती आठ वर्षांची आहे, गणितात भावाच्या पुढे आहे, आणि वर्गात जायच्या तीन पायऱ्या तिला कुणीतरी धरून चढवाव्या लागतात.

ट्रान्सफरच्या, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात ठेवायच्या दिवशी आम्हाला "दोन ठेवू, चान्स वाढतो" एवढंच सांगितलं होतं. जुळं म्हणजे बाळं अपुऱ्या दिवसांची होण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि त्या दिवसांत मेंदूतला आतला पांढरा भाग फार नाजूक असतो, रक्तपुरवठा जरा कमी पडला तरी दुखावतो, हे लेकीच्या एमआरआयनंतर कळलं.

स्वीडनमध्ये आयव्हीएफच्या ५,६८० मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी जास्त आढळली आणि त्याचं मोठं कारण जुळी-तिळी, कमी दिवस आणि कमी वजन हे निघालं. पुढच्याच वर्षी तिथे सर्वसाधारणपणे एकच एम्ब्रियो ठेवण्याचा नियम आला.

रानवाट
ताई, लेकीचं वाचून गलबलून आलं. तरीही मला हे पटत नाही.

स्वीडनमध्ये आयव्हीएफला सरकारी पैसा मिळतो. आम्ही दीड एकर गहाण टाकून तिसऱ्यांदा गेलो होतो. बायको ३९ वर्षांची. दर खेपेला पहाटेची एसटी, दोन दिवसांचा रोज बुडायचा, आणि बीटा रिपोर्ट (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आला की परतीच्या वाटेत दोघांनी एक अक्षर बोलायचं नाही. तिसऱ्या वेळी दोन ठेवले, त्यातला एक राहिला. पोरगी अडीच वर्षांची आहे. एक-एक करून ठेवा हा सल्ला ज्याच्या खिशात तीन ट्रान्सफरचे पैसे आहेत त्याच्यासाठी आहे.

मृद्गंध
दादा, तुमची ओढाताण खरी आहे. पण पैशाचाच हिशोब मांडायचा तर माझाही ऐका. काचेतल्या ४१ दिवसांचं आमचं बिल साडेसहा लाख झालं होतं. फ्रोझन ट्रान्सफर, म्हणजे गोठवून ठेवलेला एम्ब्रियो नंतर ठेवणं, त्याच्यापुढे काहीच नव्हती. फिजिओथेरपी तर आजही चालू आहे.

आणि चान्सचं म्हणाल, तर २००४ साली ३६ च्या आतल्या ६६१ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला दोन एम्ब्रियो एकदम. दुसऱ्याला एक, आणि नाही राहिला तर गोठवलेला आणखी एक. मूल झालं ४२.९ टक्के आणि ३८.८ टक्के. जुळ्यांचं प्रमाण मात्र पहिल्या गटात ३३ टक्के, दुसऱ्यात १ टक्क्याहून कमी. एवढ्याशा फरकासाठी मी लेकीचे पाय पणाला लावले.

अनुजा
तुम्ही सगळं जुळ्यांवर ढकलताय. २०१३ मध्ये स्वीडनमधल्याच २५ लाख मुलांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेने शुक्राणू काढून इक्सी (एक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं) केलेल्यांत ऑटिझम (स्वमग्नता) जास्त दिसला. माझा भाचा इक्सीचाच आहे, एकटाच झाला, चार वर्षांचा होऊनही बोलत नाही. "तंत्र निर्धोक आहे" असं कुणी म्हटलं की माझ्या बहिणीचा चेहरा समोर येतो.

कोवळं ऊन
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. अनुजा, तो निष्कर्ष खरा आहे, पण तो गट लहान होता. त्याच अभ्यासात एकूण आयव्हीएफचा ऑटिझमशी संबंध दिसला नाही. बौद्धिक अक्षमता किंचित जास्त होती, पण एकेकट्या जन्मलेल्या मुलांत तो फरक उरला नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत तर २०२३ साली असं दिसलं की मूल होण्यात अडचण असलेल्या जोडप्यांच्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त असतो, मग उपचार घेतलेले असोत की नसोत. तुमच्या बहिणीने इक्सी केलं म्हणून हे झालं, असं तिला कुणालाही म्हणू देऊ नका.

मृद्गंध, तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा डेन्मार्क, फिनलंड आणि स्वीडनचा. १९९०-९३ मध्ये आयव्हीएफच्या मुलांत हजारी १२.५ सेरेब्रल पाल्सी होती, २०११-१४ मध्ये ३.४ वर आली. मधल्या काळात तिथे जुळी कमी झाली होती.

माझं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे आलेले आईबाप आयव्हीएफ झालं हे लपवतात. सासू बाहेर गेली की आई हळूच सांगते. कमी दिवसांच्या बाळाने मान धरली नाही, पालथं पडलं नाही, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे दाखवा. पहिल्या वर्षात आलेल्या मुलासाठी जेवढं करता येतं, तेवढं तिसऱ्या वर्षी येत नाही.

रानवाट
आकडे वाचले. ३९ व्या वर्षाला ते तसेच लागू होतात का, हा माझा प्रश्न आहेच. मी कदाचित तरीही दोनच ठेवले असते. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही, ताई. फॉर्म इंग्रजीत होता, सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. जावेचं वय किती?

मृद्गंध
३१. परवा ट्रान्सफर आहे. एक ठेवायचा, तीन फ्रीज करायचे असं ती आणि दीर दोघांनी ठरवलंय. सासूबाई नाराज आहेत. मी सोबत जाणार आहे, फॉर्म ओळ न् ओळ मराठीत सांगायला.