घरी गाणं मिक्स करताय, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एक करताय? हेडफोन की स्पीकर?

रात्रपाळी: घरी अभंग-भावगीतं रेकॉर्ड करणाऱ्यांनो, दहा बाय दहाच्या खोलीत मॉनिटर स्पीकरवर (मिक्स तपासायचे स्टुडिओ स्पीकर) पैसे घालू नका, एक बरा ओपन-बॅक (मागून उघडा) हेडफोन घ्या. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो, त्यामुळे खोलीच्या मधोमध बसलं की खालचा बेस गायब आणि भिंतीला टेकलं की नुसती घूंघूं, मग कुठल्या बेसवर विश्वास ठेवायचा? हेडफोनमध्ये खोलीच नाही. आणि ऐकणारे तरी काय, लोकलमध्ये कानात इअरबड्स.

डग्गादास: खोलीचं मान्य, बाकी अजिबात नाही. स्पीकरसमोर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, जरासा उशिरा आणि डोक्याच्या आडोशाने मऊ होऊन. हेडफोनमध्ये हे होतच नाही. टाळ पूर्ण डावीकडे, पखवाज पूर्ण उजवीकडे, गायक थेट टाळक्यात! भारी वाटतं, पण तोच मिक्स स्पीकरवर लावला की सगळं आक्रसतं. शिवाय हेडफोनवर बारीक रिव्हर्बही (आवाजाचा घुमारा) स्पष्ट ऐकू येतो म्हणून लोक हात आखडता घेतात, मग स्पीकरवर गाणं कोरडं ठणठणीत.

रात्रपाळी: त्यासाठी क्रॉसफीड प्लगइन असतं की, डावीकडचा थोडा आवाज उजव्या कानात आणि उजवीकडचा डाव्या कानात सोडणारं सॉफ्टवेअर.

डग्गादास: असतं, पण ते सरासरी डोक्याच्या हिशोबाने. तुझं डोकं, तुझे कान त्यात कुठे आहेत?

मोनोवाली: दोघंही मोनो विसरलात, म्हणजे डावं-उजवं मिसळून एकच आवाज. मंडपात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकच सिग्नल सोडलेला असतो. तानपुरा रुंद करायला एका चॅनेलची फेज उलटी केली (म्हणजे ध्वनिलहर उलटी फिरवली) तर हेडफोनवर स्वर्ग आणि मोनोत तानपुरा गुल, दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. बेसची एवढी चिंता कशाला? यामाहाचे एनएस-१० १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आले, खालचा बेस यथातथाच, तरी जगभरच्या स्टुडिओंत ठाण मांडून बसले कारण मधल्या पट्टीतली (ना जाड, ना बारीक अशा आवाजांतली) खोट ते लपवत नाहीत, आणि शब्द तिथेच असतात ना. अभंगात शब्द कळले नाहीत तर उरलं काय!

रात्रपाळी: मोनोचं बटण हेडफोनवरही दाबता येतं ताई. आणि रात्री साडेअकराला स्पीकर लावला तर खालचे काका वर येतात, त्यांना काय मधली पट्टी समजावू?

डग्गादास: हळू आवाजात लाव! गायक आणि पखवाजाचा तोल हळू आवाजातच नीट कळतो. बेस तेवढा हेडफोनवर तपास, तिथे तुझंच खरं.