नवीन घराच्या काँट्रॅक्टमधे क्लास अ‍ॅक्शन वेव्हर, सही करावी का?

प्रॉस्परकर
नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला प्रॉस्परमधे नवीन कन्स्ट्रक्शन घेतोय, बिल्डर मोठा आहे, नाव लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्युसाइनवर काँट्रॅक्ट आलं, ५० च्या वर पानं, आणि सोमवारपर्यंत सही नाही केली तर लॉट (घराचा प्लॉट) दुसऱ्याला देऊ म्हणतायत. नवरा म्हणतो कर गं सही, सगळेच करतात. पण मला बारीक अक्षरं वाचायची खोड आहे (बाबा एलआयसीत होते, त्यांच्याकडून आलीये). तर आर्बिट्रेशनच्या (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याच्या) कलमात अगदी मधे दडवलेलं एक वाक्य सापडलं की खरेदीदार फक्त स्वतःपुरता दावा करेल, क्लास अ‍ॅक्शनमधे (अनेकांनी मिळून केलेल्या एका दाव्यात) सामील होणार नाही आणि बाकी घरमालकांच्या दाव्यांशी आपला दावा जोडणार नाही. म्हणजे तो हक्क सोडायचा, हाच वेव्हर. रिअल्टर म्हणे स्टँडर्ड आहे. हे टेक्सासमधे कोर्टात टिकतं का? आणि काढा म्हटलं तर काढतात का कोणी?

केटीचा_काका
टिकतं. २०११ साली सुप्रीम कोर्टात एटी अँड टी विरुद्ध कॉन्सेप्सियन केस झाली ती बघा. मोबाईल फुकट म्हणून दिला आणि वर ३०.२२ डॉलर सेल्स टॅक्स लावला, एवढ्यावरून भांडण. ३० डॉलरसाठी एकटा कोण वकील करणार, म्हणून कॅलिफोर्नियाची कोर्टं असले वेव्हर रद्द करायची. सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की १९२५ चा फेडरल आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट राज्याच्या नियमाच्या वर आहे. तेव्हापासून सगळ्यांनीच हे वाक्य काँट्रॅक्टमधे घातलं, फोनवाले, बँकवाले, घरवाले.

अजून एक. सही फक्त नवऱ्याची असली तरी तुम्ही सुटत नाही. टेक्सास सुप्रीम कोर्टाने २०२३ मधे मोल्डच्या (बुरशीच्या) केसमधे सांगितलं की सही न केलेली बायको आणि लहान मुलंसुद्धा आर्बिट्रेशनला बांधील, कारण त्याच घरात राहून त्याच काँट्रॅक्टचा फायदा घेतला. त्याच वर्षी दुसऱ्या केसमधे तर मूळ मालकाकडून घर विकत घेणाऱ्या बाईंनाही बांधलं, त्यांनी बिल्डरचं काँट्रॅक्ट कधी सही केलंच नव्हतं! तेव्हा "नावावर कोणाच्या घ्यायचं" ही शक्कल चालणार नाही, आधीच सांगतो :)

मातीपरीक्षक
काकांचं बरोबर, पण ताई तुम्ही चुकीच्या वाक्याला घाबरताय असं माझं मत. घराच्या केसमधे क्लास मिळणं तसंही अवघड असतं. तुमची फाउंडेशनला तडा, शेजाऱ्याचं छत गळतंय, तिसऱ्याचा एसी बंद, प्रत्येकाचं दुखणं वेगळं, जज म्हणतो हा क्लास कसला. क्लास जमतो तो एकच खराब माल शेकडो घरांत गेला की. जुनी पॉलिब्युटिलीनची (प्लॅस्टिकची) पाण्याची पाईप आठवा, १९९५ ला ९५ कोटी डॉलरचं सेटलमेंट झालं. पण ते पाईपचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपन्यांवर होतं, बिल्डरवर नाही. म्हणून तुमच्या कलमात "बिल्डर" च्या व्याख्येत सबकाँट्रॅक्टर, सप्लायर, मॅन्युफॅक्चरर पण घुसवलेत का ते बघा. घुसवले असतील तर ती वाट पण बंद करायचा त्यांचा इरादा आहे.

खरी गोम मुदतीत आहे. २०२३ पासून टेक्सासमधे बिल्डरने १ वर्ष कारागिरी, २ वर्षं प्लंबिंग-इलेक्ट्रिकल-एसी आणि ६ वर्षं स्ट्रक्चर अशी लेखी वॉरंटी दिली की दावा करायची बाहेरची मर्यादा १० वरून ६ वर्षांवर येते. आणि आपल्याकडची माती, उन्हाळ्यात भेगा पावसात फुगते, स्लॅब हलायला लागतो तोच मुळी चार-पाच वर्षांनी. शिवाय दावा लावायच्या आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वॉरंटीची पानं आधी वाचा, वेव्हर नंतर.

बे_एरियाची_मनी
आमच्याकडचं सांगते. कर्जाच्या कागदात सक्तीचं आर्बिट्रेशन घालता येत नाही, डॉड-फ्रँक कायद्याने २०१० मधेच घराच्या मॉर्गेजपुरतं बंद केलं. त्यामुळे लोकांना वाटतं घर खरेदीलाच बंदी आहे, तसं नाहीये, बिल्डरचं काँट्रॅक्ट त्यात येत नाही. दुसरं, काँडो किंवा एचओए (घरमालकांची असोसिएशन) असेल तर सीसीअँडआर (तिच्या नियमांचा कागद) पण वाचा. सॅन डिएगोच्या एका केसमधे २०१२ ला कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने एचओएलाच त्या कागदातल्या आर्बिट्रेशनला बांधलं, आणि तो कागद रेकॉर्ड केला होता डेव्हलपरने, तेव्हा असोसिएशनमधे एकही स्वतंत्र मेंबर नव्हता. म्हणजे स्वतःच लिहायचं आणि स्वतःच मान्य करायचं, कमाल आहे.

कोथरूड_ते_वाकड
वाचून गंमत वाटली, आपल्याकडे भारतात कागदावर तरी उलटं आहे. अ‍ॅग्रीमेंटमधे आर्बिट्रेशन असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, एम्मार एमजीएफच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तेच सांगितलं. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ३५ मधे एकसारखं हित असलेले फ्लॅटवाले परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात. पण आमच्या सोसायटीच्या तारखा चालूच आहेत, पोरगं तेव्हा सहावीत होतं आता इंजिनिअरिंगला आहे. त्यामुळे अमेरिकेला फार नावं ठेवत नाही.

केटीचा_काका
@प्रॉस्परकर काढायचं विचारलंत ते राहिलंच. मोठे बिल्डर काढत नाहीत, सेल्सवालीच्या हातात नसतं ते. पण बाजूने मागा: स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेचे दावे) आर्बिट्रेशनमधून वगळलंय असं लेखी (जस्टिस कोर्टात २० हजार डॉलरपर्यंत जाता येतं), आर्बिट्रेटरची फी कोण भरणार ते, सुनावणी तुमच्याच काउंटीत, आणि ड्रायवॉल (भिंतींचे आतले बोर्ड) लागायच्या आधी आपला इन्स्पेक्टर आत सोडायची परवानगी. अर्नेस्ट मनी (बयाणा) द्यायच्या आधी मागा, नंतर फोन पण उचलत नाहीत.

प्रॉस्परकर
अपडेट. बुधवारपर्यंत मुदत मिळाली (लॉट कोणी घेतला नाही, बघा म्हणजे). वेव्हर काढायला साफ नाही म्हणाले. स्मॉल क्लेम्सचं आधीच होतं पान ३८ वर, मीच सोडलं होतं वाचताना, बाबांना सांगू नका. इन्स्पेक्टरची परवानगी ईमेलवर दिली, मी म्हटलं अ‍डेंडममधे (काँट्रॅक्टच्या पुरवणीत) घाला, आता त्यावर अडलंय. आणि @मातीपरीक्षक "सप्लायर" खरंच आहे व्याख्येत. उद्या एका कन्स्ट्रक्शन वकिलाला तासाभरासाठी दाखवतेय. कॉलिन काउंटीत ड्रायवॉलच्या आधी बघणारा चांगला इन्स्पेक्टर कोणाला माहितीये का? व्यनि करा प्लीज, आणि बिल्डरने सुचवलेला नको.