शेड, शेडनेट, लोडशेडिंग: इंग्रजीत हा एकच शब्द आहे का?

येरळाकाठ:
बेदाण्याचं शेड, पोल्ट्रीचं शेड, शेडनेट, रंगाची शेड, शिवाय लोडशेडिंग. देवनागरीत सगळीकडे ‘शेड’च. शाळेसाठी शब्दांचा तक्ता करायचा आहे. या सगळ्यांचं मूळ एकच का? आणि ते संस्कृत ‘छाया’शी जोडलं तर चालेल?

तासगाव रॅक:
छायेशी जोडू नका. छायेचा सख्खा भाऊ ग्रीक ‘स्किया’. सावलीवाल्या ‘शेड’चं मूळ वेगळं, त्याचं नातं ग्रीक ‘स्कोटोस’शी, म्हणजे अंधाराशी. ‘शॅडो’ही त्याच घरातला. पत्र्याचं शेड बहुधा याच सावलीचं बदललेलं रूप. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते ‘शॅड’सारखं लिहिलेलं सापडतं.

आपल्याकडचं बेदाणा शेड हा मूळ अर्थ चोख पाळतं. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल (इथाइल ओलिएट) या द्रावणात घड दोन-चार मिनिटं बुडवायचे आणि रॅकच्या जाळ्यांवर एकेरी थरात पसरायचे. थेट ऊन लागलं की माल तांबूस पडतो, म्हणून वर छप्पर. भिंती मात्र घालायच्या नाहीत, वारा अडला की ओल कोंडते आणि बुरशी धरते. बाजूंना हवं तर शेडनेट लावा. ५० टक्क्यांचं नेट म्हणजे निम्मा उजेड अडवणारं. साधारण १२ ते १५ दिवसांत ओलावा १५-१६ टक्क्यांवर येतो.

विटा धोटा:
लोडशेडिंगचा ‘शेड’ सावलीचा नव्हे. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘वेगळं करणे’ या क्रियापदाचा. विट्यात हे मागावर दिसतं. वह्या (उभे धागे उचलणाऱ्या चौकटी) वरखाली झाल्या की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे दोन थरांत विभागतात, मधल्या फटीतून आडवा धागा नेणारा धोटा जातो. त्या फटीलाच इंग्रजीत शेड म्हणतात आणि या क्रियेला शेडिंग. फट उशिरा किंवा अपुरी उघडली तर धोटा धाग्यांत अडकतो, धागा तुटतो, कधी धोटा मागाबाहेर उडतो. म्हणून टायमिंग आधी तपासायचं. पॉवरलूमच्या शेडमध्ये शेडिंग बिघडलं, असं म्हणताना आपण दोन वेगळ्या कुळांतले शब्द वापरत असतो.

माणदेश:
धोटेवाल्यांना पुस्ती. या क्रियापदाचं नातं संस्कृत ‘छिद्’शी आहे, छेद, छिद्र, विच्छेद सगळे त्यातले. तक्त्यात संस्कृत हवंच असेल तर इथे घाला.

वॉटरशेडही इकडचाच, ‘पाणी विभागणारी रेघ’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून घडलेला. आपल्याकडे ती रेघ महादेव डोंगरावर आहे. येरळा कृष्णेला मिळते, माणगंगा भीमेला. पुढे रेघेऐवजी अख्ख्या क्षेत्राला वॉटरशेड म्हणू लागले आणि सरकारी कागदांत त्याचं ‘पाणलोट क्षेत्र’ झालं. मुलांना सांगताना रेघेला ‘जलविभाजक’ म्हणा, नाहीतर गोंधळ होतो. बांधबंदिस्तीचं काम माथ्यावरच्या त्या रेघेपासून खाली करत यायचं असतं. आधी नाल्यात बंधारा घातला तर वरची माती येऊन तो गाळानं भरतो.

येरळाकाठ:
समजलं. मग झाडानं पानं ‘शेड’ करणं कुठल्या रांगेत?

विटा धोटा:
दुसऱ्या. वेगळं करणे, त्यातून गाळणे, टाकून देणे. लोडशेडिंगही तसंच. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते, तेव्हा काही फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) मुद्दाम तोडून भार उतरवतात. शेडनेट आणि रंगाची शेड पहिल्या रांगेत ठेवा.